हात शाबूत, पण पाय ठरत नाहीत: लहान मेंदूच्या गाठीत तोल आणि डोळे काय सांगतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा ५८ वर्षांचे, घर गुहागरजवळच्या वाडीत, दीड-दोन महिने तोल जातोय. आधी कानाचं म्हणून गोळ्या झाल्या, मग मानेच्या मणक्याचं म्हणून पट्टा झाला आणि आता एमआरआयमध्ये लहान मेंदूच्या मधल्या भागात गाठ निघाली, शिवाय मेंदूत थोडं पाणी साठलंय. चहाचा कप नीट धरणारा, बोट बरोब्बर नाकाला लावणारा माणूस उभा का राहू शकत नाही, डोळे थरथरतात कशामुळे, लांबचं दोन-दोन का दिसतं, हे आधी कळलं असतं का आणि ऑपरेशननंतर चालतील का, असं सगळं तुम्ही विचारलंय. मी न्यूरॉलॉजीत आहे, किनारपट्टीवरचेच पेशंट वर्षानुवर्षं बघतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या फिल्म मी बघितलेल्या नाहीत त्यामुळे ऑपरेशन कधी, कसं, हे तुमचे न्यूरोसर्जनच ठरवणार, पण ही लक्षणं काय सांगतात ते मी नक्की समजावू शकते.

आधी मुद्द्याचं सांगते. लहान मेंदूच्या मधोमध असलेली गाठ खाटेवर झोपलेल्या पेशंटमध्ये जवळजवळ लपूनच राहते. हात-पाय हलवून बघितले, ताकद बघितली, बोट नाकाला लावायला सांगितलं, सगळं ठीक येतं आणि केसपेपरवर लिहिलं जातं की नर्व्हचं काही नाही. त्याच माणसाला खाटेच्या कडेला हाताची घडी घालून बसवा, मग उभं करा, चार पावलं चालवा आणि डोळे दोन मिनिटं नीट बघा, बहुतेक वेळा तिथेच समजतं की हे कानाचं नाही.

असं का होतं? लहान मेंदू डोक्याच्या मागे, मानेच्या थोडा वर असतो, आकाराने पूर्ण मेंदूच्या साधारण एक दशांश, पण मेंदूतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त पेशी एकट्या त्याच्यात असतात. त्यात कामाची वाटणी आहे. उजवीकडची आणि डावीकडची जी दोन मोठी अंगं आहेत ती हातापायांच्या अचूकपणाची, आणि तीही आपापल्या बाजूची, म्हणजे उजव्या अंगात गाठ असेल तर उजवाच हात चुकतो (मोठ्या मेंदूसारखं उलटसुलट इथे नाही, कारण इथून जाणारे तंतू वाटेत दोनदा बाजू बदलतात). मधला जो उभा पट्टा आहे, ज्याला आम्ही व्हर्मिस म्हणतो, तो धडाचा, बसण्या-उभं राहण्याचा आणि चालण्याचा. आणि अगदी खालचा छोटा भाग, फ्लॉक्युलस आणि नोड्युलस, तो कानातल्या तोलयंत्राशी आणि डोळ्यांशी जोडलेला. तुमच्या बाबांची गाठ मधल्या पट्ट्यात आहे, म्हणून हात शाबूत आणि धड बेभरवशाचं. यात काही विचित्र नाही, उलट हे अगदी नियमाला धरून आहे.

गाठ बाजूच्या अंगात असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. कपाकडे हात नेताना शेवटच्या वीतभर अंतरात हात थरथरतो, वस्तूच्या पुढे जातो नाहीतर अलीकडेच थांबतो, तळहात उलटा-सुलटा भरभर आपटायला सांगितला तर लय तुटते, अक्षर मोठं आणि वेडंवाकडं होतं, चालताना गाठीच्या बाजूला झोक जातो. आंबा काढणाऱ्या एका गड्याने मला सांगितलं होतं की झेला देठाला लागतच नाही, हात पुढे निघून जातो. ही तक्रार इतकी नेमकी होती की तपासायच्या आधीच मला बाजू कळली. पहिल्या महायुद्धात गोळी लागून लहान मेंदूला इजा झालेल्या सैनिकांना गॉर्डन होम्स या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टने बारकाईने तपासलं, १९१७ साली ते छापलं, आणि आजही आम्ही जे बघतो त्यातलं बरंचसं त्यांनीच लिहून ठेवलंय. त्यांच्या एका पेशंटने सांगितलं होतं की चांगल्या हाताची हालचाल आपोआप होते, पण बिघडलेल्या हाताची प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. आमच्याकडचे पेशंट पायांबद्दल हेच बोलतात, की पाऊल टाकण्याआधी मनात ठरवावं लागतं.

आता तोल बघायचा कसा. पहिलं, नुसतं बसणं. खाटेच्या कडेला, पाय लोंबकळते, हात छातीवर. नीट असलेला माणूस विनासायास बसतो. व्हर्मिसच्या गाठीत धड पुढेमागे किंवा बाजूला डुलायला लागतं, पेशंट नकळत हाताने गादी पकडतो. कधीकधी डोकंही बारीक होकार-नकार दिल्यासारखं हलत राहतं. मग उभं करायचं, पाय जुळवून. ज्याचा लहान मेंदू बिघडलाय तो पाय फाकवूनच उभा राहतो, जुळवायला सांगितले की लगेच डुलतो, आणि महत्त्वाचं म्हणजे डोळे उघडे असतानाच डुलतो. डोळे मिटल्यावरच तोल जात असेल, रात्री अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटल्यावर पडायला होत असेल, तर पायांतल्या नसा किंवा पाठीच्या कण्यातली संवेदना, बी-१२ ची कमतरता, किंवा कान, असा विचार आधी करावा लागतो. लहान मेंदूवाल्याला उजेड असो वा अंधार, फारसा फरक पडत नाही. याला रॉम्बर्गची टेस्ट म्हणतात आणि कित्येक ठिकाणी ‘रॉम्बर्ग निगेटिव्ह म्हणजे लहान मेंदू ठीक’ असं समजलं जातं, ते बरोबर नाही, ती टेस्ट मुळात लहान मेंदूची नाहीच.

मग चालवायचं. साधं चालवायचं, वळायला सांगायचं (वळताना सगळ्यात जास्त उघडं पडतं, माणूस दोन-तीन जादा पावलं टाकतो), आणि शेवटी एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत दहा पावलं. मला तर आपल्याकडच्या पेशंटला विचारायला सोपं जातं, की शेताच्या मेरेवरून (बांधावरून) पूर्वीसारखं चालता येतं का? पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरताना भिंत धरावी लागते का? चढण्यापेक्षा उतरणं जड जातं का? ज्याने आयुष्यभर अरुंद मेरेवरून डोक्यावर भारा घेऊन ये-जा केली तो माणूस जेव्हा सांगतो की आता खाचरातून चालतो, मेरेवरून नाही, तेव्हा ती टाच-अंगठ्याची टेस्ट त्याच्या शेतात आधीच होऊन गेलेली असते. मच्छीमारांत तर याहून लवकर कळतं. मालवणकडच्या एका तांडेलाचं वाक्य होतं, ‘माका चक्कर येणा नाय, पण तोल जाता’. होडीत उभं राहून जाळं ओढता येईना म्हणून तो आला होता, जमिनीवर घरच्यांना काहीच जाणवलं नव्हतं. आणि हो, बरेच दिवस समुद्रात राहून आल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते ते वेगळं, ते सहसा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत जातं आणि त्यात माणूस पडत नाही.

हे सगळं ताकदीचं दुखणं नाही हेही लक्षात घ्या. पायात जोर असतो, जोर कधी, किती आणि कुठल्या क्रमाने लावायचा याचा हिशोब चुकतो. म्हणून टॉनिक, ताकदीची इंजेक्शनं, मालिश यांनी काही होत नाही. आणि वाडीत लोक ‘हल्ली प्यायला लागलाय काय’ असं बोलतात त्याचा पेशंटला फार त्रास होतो, न पिणाऱ्या माणसाला तर जास्तच. दारूही लहान मेंदूवरच काम करते म्हणून चाल तशी दिसते, एवढंच. घरच्यांनी लोकांना स्पष्ट सांगावं की ही मेंदूतली गाठ आहे.

आता डोळे. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण डोळ्यांची हालचाल सहसा खोटी करता येत नाही आणि ती बघायला मशीन लागत नाही, एक बोट आणि बरा उजेड पुरतो.

समजा तुम्ही उजवीकडच्या खिडकीकडे बघताय. डोळ्याला तिथे धरून ठेवायला मेंदूला सतत हुकूम द्यावा लागतो, नाहीतर स्नायूंचा ताण डोळ्याला परत मध्ये ओढतो. हा हुकूम टिकवून धरणारी जी यंत्रणा मेंदूच्या देठात (मेंदूला पाठीच्या कण्याशी जोडणाऱ्या भागात) आहे तिला फ्लॉक्युलस मदत करतो. ती मदत गेली की यंत्रणा गळक्या घागरीसारखी होते, भरलेलं टिकत नाही, डोळा हळूहळू मध्याकडे घसरतो, मग मेंदूच्या लक्षात येतं आणि तो झटक्याने परत उजवीकडे नेतो, परत घसरतो, परत झटका. हेच ते थरथरणं, ज्याला रिपोर्टमध्ये निस्टॅग्मस लिहिलंय. उजवीकडे बघितलं की उजवीकडे झटके, डावीकडे बघितलं की डावीकडे झटके, म्हणजे नजरेबरोबर दिशा बदलते. कानाच्या दुखण्यात असं होत नाही, तिथे झटके एकाच दिशेला राहतात, त्या दिशेला बघितलं की वाढतात, उलट बघितलं की कमी होतात आणि एखाद्या वस्तूवर नजर रोखली की पुष्कळच मंदावतात. दिशा बदलणारा निस्टॅग्मस हा मेंदूचा असतो. एक काळजी घ्यायची, डोळा पार कोपऱ्यात न्यायला सांगायचं नाही, कारण तिथे चांगल्या माणसाचेही डोळे दोन-चार झटके देतात. साधारण तीस अंशांपर्यंतच न्यायचं आणि काही सेकंद थांबायचं. आणि बाजूला थोडा वेळ धरून परत समोर बघायला सांगितल्यावर जर उलट्या दिशेने झटके सुरू झाले तर तो रिबाउंड, लहान मेंदूची आणखी पक्की खूण.

वर-खाली होणारे झटके दिसले तर मी लगेच सावध होते. खासकरून खालच्या दिशेचे, डाउनबीट. असे पेशंट सांगतात की वाचताना ओळी उड्या मारतात, पायऱ्या उतरताना पायरी हलते, कारण खाली आणि बाजूला बघितल्यावर ते झटके वाढतात. फ्लॉक्युलस बिघडला किंवा कवटी आणि मान जिथे जुळतात तिथे काही असलं की हे येतं. साध्या कानाच्या दुखण्यात कायमचे निव्वळ खालच्या दिशेचे झटके येत नाहीत.

पुढचं, नजरेची उडी. पेशंटला सांगायचं, माझ्या नाकाकडे बघा, आता या बोटाकडे, परत नाकाकडे, डोकं न हलवता. चांगला डोळा एका उडीत बोटावर बसतो. व्हर्मिसच्या मागच्या भागात किंवा त्याच्या आत असलेल्या फॅस्टिजियल केंद्रात गाठ असेल तर डोळा बोटाच्या पुढे उडी मारतो आणि मागे येतो, किंवा अलीकडेच पडतो आणि छोट्या छोट्या उड्यांनी पोचतो. हात जसा कपाच्या पुढे जातो तसंच हे डोळ्याचं, आणि तुमच्या बाबांसारख्या मधल्या गाठीत हात बरा असूनही डोळ्यात हे सापडू शकतं. बोट हळूहळू आडवं फिरवून त्याच्यामागे बघायला सांगितलं तर सरळ सुईसारखी न जाता नजर तुटक तुटक जाते, पण हे एकटं सापडलं तर मी त्यावर फार भर देत नाही, वय, झोप, गोळ्या यांनीही नजर तुटक होते.

झोपवल्यावर किंवा कूस बदलल्यावर गरगरणं, याने सगळ्यात जास्त फसगत होते. कानातले कण सरकल्याने येणारी चक्कर, बीपीपीव्ही, ही फार कॉमन आहे आणि तीही कूस बदलली की येते. तिची टेस्ट म्हणजे डिक्स-हॉलपाइक, १९५२ पासून चालत आलेली, पेशंटला डोकं वळवून पटकन मागे झोपवायचं. कानाचं असेल तर दोन-चार सेकंद काही होत नाही, मग डोळे गोल फिरत वरच्या दिशेने झटके देतात, जोराची गरगर होते आणि बहुधा मिनिटाच्या आत थांबते, परत परत केलं की कमी होत जाते. चौथ्या व्हेंट्रिकलजवळची (लहान मेंदूच्या पुढ्यातल्या पाण्याच्या पोकळीजवळची) गाठ नोड्युलसवर दाब देत असेल तर झटके झोपवल्याबरोबर लगेच सुरू होतात, पुष्कळदा निव्वळ खालच्या दिशेचे असतात, झोपवून ठेवलं तोवर चालूच राहतात, परत केलं तरी दमत नाहीत. काहींना डोळे एवढे हलत असूनही गरगर कमीच वाटते आणि उलटी मात्र भसकन होते. डोकं फिरवून कण जागेवर आणायची प्रक्रिया नीट दोन-तीनदा करूनही फरक पडत नसेल तर पुन्हा पुन्हा तेच न करता मेंदूचा विचार करायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अचानक सुरू होऊन तासन्‌तास न थांबणाऱ्या चकरेसाठी आणखी एक तपासणी आहे, हिंट्स नावाची, २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. डोकं झटकन थोडं वळवून नजर टिकते का बघायचं, निस्टॅग्मसची दिशा बघायची आणि एकेक डोळा झाकून दुसरा वर-खाली सरकतो का बघायचं. यात गंमत अशी की डोकं वळवल्यावर नजर छान टिकली तर ती काळजीची गोष्ट, कारण कान ठीक आहे आणि तरी इतकी चक्कर आहे म्हणजे दुखणं आत आहे. पहिल्या दोन दिवसांत लहान मेंदूचा स्ट्रोक (रक्तपुरवठा तुटणं) पकडायला ही तपासणी एमआरआयपेक्षाही सरस ठरली. पण ती सतत चालू असलेल्या चकरेसाठीच आहे, तुमच्या बाबांसारख्या हळूहळू वाढलेल्या त्रासात तिच्यावर निकाल देऊ नये. तिथे चाल आणि नजरेबरोबर दिशा बदलणारे झटकेच जास्त बोलतात.

लांबचं दोन दिसणं. तुम्ही लिहिलंय की जवळचं पेपरमधलं ठीक, पण येणाऱ्या एसटीची पाटी दोन दिसते. हे बहुतेक सहाव्या नसेचं आहे. ही नस डोळा बाहेरच्या बाजूला वळवते, लांब बघायला दोन्ही डोळे थोडे बाहेर उघडावे लागतात म्हणून लांबचं बिघडतं आणि दोन चित्रं शेजारी-शेजारी दिसतात. गाठ त्या नसेवर असेलच असं नाही, पाणी साठून डोक्यातला दाब वाढला की ती ताणली जाते. म्हणून मी याला गाठीची जागा सांगणारी खूण म्हणून नाही तर दाबाची खूण म्हणून बघते, आणि म्हणून ती दिसली की घाई करते. डोळ्याच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून आतल्या नसेवर सूज आहे का बघितलं असेल, ती असेल तर दाब नक्की आहे, पण नसली म्हणून दाब नाही असं धरून चालू नका.

दाबाची बाकीची लक्षणं तुम्हाला माहीत असायला हवीत कारण ऑपरेशनची तारीख येईपर्यंत बाबा घरी आहेत. पहाटे उठल्यावर डोकं जास्त दुखणं, उलटी झाल्यावर बरं वाटणं, खोकताना-कुंथताना डोक्यात ठणका, मान आखडणं, जास्त झोप, हाक मारल्यावर उशिरा ओ देणं. यातली झोप वाढणं ही सगळ्यात धोक्याची, ‘दमलेत, झोपू दे’ म्हणून सोडायचं नाही, लगेच हॉस्पिटलला न्यायचं, रात्र असली तरी. कवटीच्या मागच्या कप्प्यात, जिथे लहान मेंदू बसतो, तिथे जागा मुळात कमी असते, दाब एकदा वाढला की मेंदूचा देठ चेपतो आणि श्वासाची केंद्रं तिथेच आहेत. आपल्याकडे मोठं न्यूरोसर्जरीचं केंद्र म्हणजे मुंबई, नाहीतर चिपळूणवरून कुंभार्ली घाटाने कराड, रत्नागिरीकडून आंबा घाटाने कोल्हापूर, सिंधुदुर्गातले पेशंट गोव्याला बांबोळीला जातात. घाटात उलट्या झाल्या की सगळे म्हणतात गाडी लागली. गाठीचा पेशंट असेल तर असं गृहीत धरू नका, डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवा, मान सरळ ठेवा, पेशंटशी बोलत राहा, आणि बोलण्यात उत्तर यायचं थांबलं तर वाटेतलं पहिलं मोठं हॉस्पिटल गाठा. आणि पाठीतलं पाणी काढायची टेस्ट कुणी सुचवली तर गाठ आणि दाब असल्याचं आधी दाखवा, अशा अवस्थेत ते जिवावर बेतू शकतं.

हे आधी कळलं असतं का? प्रामाणिक उत्तर, थोडं आधी बहुधा हो. पहिल्या भेटीत कानाचं वाटणं यात मला चूक दिसत नाही, चकरेच्या पेशंटमध्ये कान हेच कारण खूप जास्त सापडतं आणि गाठ क्वचित. पण तिसऱ्या-चौथ्या भेटीलाही माणूस भिंत धरून आत येतोय आणि त्याला चालवून बघितलं जात नाही, हे मला पटत नाही. उठून स्वतःच्या पायांनी चालू न शकणारी चक्कर ही तपासणी पूर्ण होईपर्यंत मेंदूचीच समजावी. सिटी स्कॅन केला तर मोठी गाठ किंवा साठलेलं पाणी दिसेल, पण मागच्या कप्प्याभोवती जाड हाडं असल्याने सिटीत तिथे पट्टे उमटतात आणि छोटी गाठ सुटू शकते, म्हणून नॉर्मल सिटीवर समाधान मानायचं नाही, कॉन्ट्रास्टसह एमआरआय करायचा. चकरेच्या गोळ्यांबद्दलही बोलायलाच हवं. बीटाहिस्टिनने लहान मेंदूच्या तोलावर काही होत नाही. सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन चार-सहा दिवस ठीक, पण महिनोन्‌महिने घेतल्या की वयस्कर माणसात कंपवातासारखा ताठरपणा येतो, आणि मग चाल कशामुळे बिघडली हे ओळखणं आणखी अवघड. गोळीने उलटी थांबली म्हणजे दुखणं गेलं असं नाही.

लहान मुलांबद्दल दोन ओळी, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी उपयोगी पडेल. मुलांमध्ये मेंदूच्या गाठी मागच्या कप्प्यात बऱ्याच प्रमाणात होतात, मेड्युलोब्लास्टोमा आणि पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा ही त्यातली मुख्य नावं. मूल शाळेत जायच्या वेळी सकाळी उलटी करतं, दुपारी खेळतं, म्हणून जंत झाले, शाळेची भीती, दृष्ट लागली असं चालतं. सकाळची उलटी दोन आठवड्यांच्या पुढे गेली, मूल मान एका बाजूला कलती ठेवायला लागलं, धावताना पूर्वीपेक्षा जास्त पडायला लागलं, डोळा तिरळा दिसायला लागला, तर थांबू नका.

मोठ्या माणसांत मागच्या कप्प्यात दुसरीकडून आलेली गाठ जास्त सापडते, फुफ्फुस किंवा स्तनातली वगैरे, म्हणून बाबांच्या छाती-पोटाचा स्कॅन सांगितला असेल तर घाबरून जाऊ नका, तो नियमच आहे. हिमँजिओब्लास्टोमा नावाची साधी (कॅन्सर नसलेली) गाठही मोठ्या माणसांत बहुधा इथेच होते आणि ती पूर्ण निघू शकते. आपल्या देशात क्षयाची गाठ, ट्यूबरक्युलोमा, हीसुद्धा यादीत असतेच, तिला तर औषधांनी उतार पडतो. म्हणजे नाव नक्की होईपर्यंत मनात शेवटचं चित्र रंगवू नका. आणि अशीच चाल, असेच डोळे गाठ नसतानाही दिसू शकतात, फिट्सची फेनिटॉइन गोळी रक्तात जास्त झाली तरी हुबेहूब हेच होतं, लिथियमनेही होतं, दीर्घ काळ दारू घेणाऱ्यातही. म्हणून चालू असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी सर्जनला दाखवा.

गाठीचा आकार आणि त्रास यांचं प्रमाण सरळ नसतं हेही सांगते, कारण रिपोर्टमधले सेंटिमीटर वाचून घरात भीती बसते. वर्षानुवर्षं हळू वाढणारी गाठ, उदाहरणार्थ कानाच्या नसेवरची श्वानोमा, लिंबाएवढी झाली तरी माणूस कामावर जातो, कारण मेंदू बाजूने सवय करून घेतो, एका कानाने कमी ऐकू येणं आणि किंचित झोक जाणं एवढंच असतं. तेच पटकन वाढलेली किंवा सभोवती सूज असलेली छोटी गाठ माणसाला आठ दिवसांत आडवं करते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, चालतील का. स्टिरॉइड, म्हणजे डेक्सामेथाझोन, सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत बाबा बरे दिसले असतील तर त्याचा अर्थ त्रासाचा काही भाग सुजेचा होता, आणि सूज जाणारी असते, ही चांगली खूण. पण त्याने गाठ गेली असं समजून ऑपरेशन पुढे ढकलू नका आणि ती गोळी मनाने बंद तर अजिबात करू नका. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस तोल आधीपेक्षा वाईट वाटू शकतो, डोळे जास्त हलू शकतात, उलट्या होतात, हे बऱ्याच जणांत ओसरतं. पुढे किती सुधारणा होईल हे मुख्यतः लहान मेंदूच्या आतली खोल केंद्रं शाबूत राहिली का यावर आहे. वरच्या पृष्ठभागाची भरपाई मेंदू बऱ्यापैकी करतो, खोल केंद्रांची तेवढी करत नाही. सर्जनला ऑपरेशननंतर हा प्रश्न सरळ विचारा. साधारण पहिल्या काही आठवड्यांत सुधारणा वेगाने दिसते, नंतर महिनोन्‌महिने हळू चालू राहते.

फिजिओथेरपी लवकर सुरू करा आणि ती तोलाचीच हवी, नुसतं पडल्या पडल्या पाय वर-खाली करणं नव्हे. बसून तोल, उभं राहून वजन एका पायावरून दुसऱ्यावर, वळणं, टाच-अंगठा चालणं, नजर एका खुणेवर रोखून डोकं डावी-उजवीकडे हलवणं. २००९ साली जर्मनीत लहान मेंदू झिजत जाणाऱ्या पेशंटना चार आठवडे असा कसून व्यायाम दिला तर त्यांचाही तोल सुधारला. ते दुखणं वाढतच जाणारं, त्यात जर फरक पडतो तर गाठ काढलेल्या माणसात आशा ठेवायला नक्की जागा आहे. दर महिन्याला लहान मेंदूचा तोल मोजणाऱ्या सारा नावाच्या मोजपट्टीवर फिजिओकडून मार्क लिहून घ्या, शून्य ते चाळीस, जितके कमी तितकं बरं, म्हणजे मनाला वाटण्यावर राहत नाही. दोन-दोन दिसण्यासाठी तोपर्यंत एक डोळा आळीपाळीने झाकायचा, काही महिन्यांनी राहिलंच तर चष्म्यात प्रिझम मिळतो. डाउनबीटसाठी काही पेशंटना अमिनोपायरिडिन या औषधाचा उपयोग होतो, पण ते न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखालीच.

घरात काय करायचं ते आत्ताच करा. चिऱ्याच्या पायऱ्या आणि खळं पावसात शेवाळून बुळबुळीत होतं, ते घासून घ्या, ओटीपासून न्हाणीघरापर्यंत बांबूचा का होईना पण घट्ट कठडा लावा. विहिरीवर, माडाखाली, बंदरावर एकट्याने नाही. स्कूटर नाही, होडी तर नाहीच. धरताना हात धरू नका, हात धरला की तोल आणखी जातो, मागून कमरेला पट्टा बांधून तो धरा. गिळताना ठसका लागत असेल तर पातळ पदार्थ जपून द्या आणि हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि ऑपरेशनच्या आधी एक काम करून ठेवा. मोबाइल आडवा धरून, चांगल्या उजेडात, बाबांचे फक्त डोळे चौकटीत येतील असा व्हिडिओ घ्या, समोर दहा सेकंद, उजवीकडे, समोर, डावीकडे, समोर, वर, खाली, प्रत्येक ठिकाणी दहा-दहा सेकंद. दुसरा व्हिडिओ बसण्याचा, हाताची घडी घालून. तिसरा चालण्याचा आणि वळण्याचा, बाजूला माणूस उभा करून. हे सर्जनना आणि फिजिओला दाखवा, ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी असेच परत घ्या. पैशांसाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का ते दाखल होण्याआधीच विचारा, रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. दरम्यान झोप वाढली किंवा उलट्या थांबत नसतील तर तारखेची वाट बघू नका.